रातांब्याचे हात

वजनकाट्यावर उभं करताना विनीताने आकूच्या पायांतल्या चपला काढल्या नाहीत. मुद्दामच काढल्या नाहीत. नर्सच्या ते लक्षात आलं. तिने नुसती बोटाने खूण केली. चपला उतरल्या आणि काटा अकरा किलो नऊशेवर येऊन थांबला. साडेचार वर्षांची पोर. माघात आणली होती तेव्हाही एवढीच भरली होती.

गोव्यातल्या त्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आकूला झोपवून तिचं पोट चाचपलं. हातपाय काटक्या आणि मध्ये पोट ताणलेलं, फुगून चकचकीत झालेलं. आकू छताकडे बघत गप पडून राहिली. डॉक्टरांकडे कसं पडायचं हे तिला आता पाठ झालं होतं, याचंच विनीताला वाईट वाटलं.

गहू बंद करून वर्ष झालं होतं. या आजारात गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतड्याची आतली लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, हे विनीताला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई ती.

"रक्तातला आकडा उतरायला हवा होता, उतरलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठून तरी गहू जातोय. एखाद्या दिवशी चुकून गेला तर एवढं होत नाही. हा रोज जातोय, थोडा थोडा. घरात हिला कोण भरवतं?"

"मी," विनीता म्हणाली. आणि जरा थांबून, "आणि सासूबाई."

दुसरं नाव घेताना आपला आवाज किंचित वर चढला, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

गोव्याहून कुडाळपर्यंत एका गाडीने आणि तिथून धामापूरपर्यंत दुसऱ्या गाडीने येताना आकू तिच्या मांडीवर झोपली. विनीता एकेक करून घर तपासत होती. चपात्या वर्षापूर्वीच बंद केल्या होत्या, सगळ्यांच्याच. गावच्या गिरणीत गहूही दळतात म्हणून घरघंटी आणली होती. आकूचा तवा वेगळा, चाळण वेगळी, ताटली वेगळी. दुकानातून आलेलं कुठलंही पाकीट आधी वाचल्याशिवाय ती फोडत नसे, आणि आकूला समजावं म्हणून मोठ्याने, मराठी करून वाचत असे. आकूला वाटायचं जेवणाआधी श्लोक म्हणतात तसंच ते असतं. साखरेचं पाकीट आणलं तरी ती समोर येऊन बसायची आणि म्हणायची, "आई, वाच."

इतकं करून गहू जातोय. म्हणजे कोणीतरी घालतंय.

घरी पोचली तेव्हा सासूबाई घरापुढच्या खळ्यात कोकमाचे रातांबे फोडत होत्या. वैशाख लागला की त्यांचं दुसरं काही नसायचं. घराच्या मागे रातांब्याची चौदा झाडं, आणि सोलं, खारवलेला रस म्हणजे आगळ, बियांचं तेल असं सगळं त्यांच्याच हातचं. कसालपासून मालवणपर्यंत लोक सुगंधाबाईंची सोलं म्हणून मागून घेत. फळ फोडायचं, बिया गरासकट पिंपात टाकून मीठ घालायचं, साली उन्हात टाकायच्या, संध्याकाळी पिंपातल्या रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. अशी सहा-सात पुटं बसली की सोल काळं पडतं. तेवढे दिवस ऊन लागतं. यंदा ऊन नव्हतं. सकाळी दहाला मळभ यायचं ते संध्याकाळपर्यंत हटायचं नाही, आणि सोलांवर पांढरी बुरशी धरू लागली होती.

सासूबाईंनी हात तसेच वर धरून विचारलं, "काय म्हणाली गो डाक्टरीण?"

कोपरापर्यंत लाल हात. मीठ आणि आंबट रस यांनी बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या.

"नाय उतरला," विनीता म्हणाली आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकूला मुरडा आला. उकिडवी बसून ती विनीताच्या गळ्याला धरून रडली. झालं ते फिक्कट, फेसाळ, पाणी ओतलं तरी तरंगत राहणारं. विनीताने तिला धुतलं, कोमट पाण्यात चिमूटभर हिंग कालवून पाजलं, बेंबीभोवती हिंग लावला. हा तिच्या माहेरचा, नांदगावचा उपाय. पोटाला हिंगासारखं दुसरं काही नाही, असं तिची आई म्हणायची. आजार कळल्यापासून सकाळी पाण्यात आणि संध्याकाळी ताकात हिंग द्यायला तिने कधी चुकवलं नव्हतं. सासूबाई ओव्याच्या बाजूच्या. पोरीच्या तोंडाला दिवसभर वास येतो, इतका हिंग कशाला, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा विनीता नुसती हसली होती.

आकूला पडवीत निजवून ती खळ्यात आली. फोडायला शेजारची दीपिकावहिनी आणि वाडीतल्या आणखी दोघी आल्या होत्या. सासूबाई पिंपात वाकून रस ढवळत होत्या. त्यांच्या कमरेला खोचलेला पदर सुटला आणि त्यातून काहीतरी खाली सांडलं. विनीता जवळ गेली. पावाचा चुरा होता, वरच्या तपकिरी पापुद्र्यासकट.

सकाळी सातला नुरुद्दीनचाचा स्कूटरवरून पाव घेऊन वाडीत येई. पूर्वी त्याचा भोंगा ऐकला की आकू आजीच्या आधी कुंपणाच्या बेड्यापर्यंत धावायची. चहात बुडवलेला पाव, आजीने एक घास खायचा, नातीने एक. आजार कळल्यावर विनीताने त्याला सांगितलं होतं, चाचा, आमच्या बेड्याकडे भोंगा वाजवू नका. तेव्हापासून तो वळणावरच भोंगा बंद करायचा.

"ह्यां काय?" विनीताने विचारलं.

सासूबाईंनी खाली बघितलं. त्यांचा चेहरा चोरी सापडलेल्या पोरासारखा झाला. "माका खावचो झालो म्हणान एक घेतलंय गो. पोराक नाय दिलंय."

"मगे लपवन कित्याक खाल्ल्यात?"

फोडणाऱ्या बायकांचे कोयते थांबले होते.

"हात दाखवा."

सासूबाईंनी हात पुढे केले. आधी तळवे, मग नखं. विनीताने ती बोटं धरून उजेडाकडे वळवली. नखांत रातांब्याचा काळा गर होता, दुसरं काही दिसत नव्हतं.

"साबणान धुवा."

पाण्याच्या दगडी दोणीवर कपड्यांचा निळा साबण होता. म्हातारीने तो हातात घेतला. साबण चिरांत शिरला तसा तिचा ओठ आत ओढला गेला. दोणीतलं पाणी गुलाबी झालं.

"परत एकदा," विनीता म्हणाली.

दीपिकावहिनी मान खाली घालून एकच रातांबा पुन्हा पुन्हा पुसत होती. उद्यापासून आकूच्या ताटाला हात लावायचा नाही, तिला मीच भरवीन, असं विनीताने तिथेच सांगितलं. सासूबाई "बरां" म्हणाल्या आणि ओले हात पदराला न पुसता, तसेच अंगापासून दूर धरून उभ्या राहिल्या.

तिचा नवरा जितेंद्र संध्याकाळी आला. विजेच्या ठेकेदाराकडे तो वायरमन होता, आणि पावसाआधी तारांवर आलेल्या फांद्या तोडायची घाई चालू होती. त्याच्या केसांत आंब्याची पानं अडकली होती. वाटेत दीपिकावहिनीच्या नवऱ्याने त्याला सगळं सांगितलं होतं. चार बायकांसमोर बोलायला नको होतंस, एवढं तो म्हणाला. मग पाय धुता धुता हेही म्हणाला, की दिला असेल तर आयेनेच दिला असेल, तिला नातीचं तोंड बघवत नाही. या दुसऱ्या वाक्याने विनीताला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती रात्री धड जेवली नाही.

त्यानंतर सासूबाई आकूला हातच लावीनात. वेणी घालायला आकू त्यांच्यापुढे जाऊन बसली तर "माझे हात रातांब्याचे, आईकडसून घालून घे," म्हणून उठून जायच्या. दिवसातून दहादा दोणीवर जाऊन हात धुवायच्या. तेलाची वाटी कोनाड्यात होती, कोकमाचं तेल, दरवर्षी रात्री त्या ते चिरांना लावायच्या. यंदा लावत नव्हत्या. काय म्हणून, असं विनीताने विचारलं नाही. पोरगी मात्र तशीच होती. सकाळी हिंगाचं पाणी, संध्याकाळी हिंगाचं ताक, आणि मध्ये मुरडा.

एका दुपारी धामापूरच्या तळ्याकडून वारा सुटला आणि बघता बघता सर आली. खळ्यात चौथ्या पुटाची सोलं पसरलेली. दोघी धावल्या. चटईची दोन टोकं सासूबाईंनी धरली, दोन विनीताने, आणि पळत पडवीत आणून ओतली. पुन्हा दुसरी चटई. आकूला मजा वाटली. ती हसत मध्येच धावत आली आणि ओल्या जांभ्या चिऱ्यावर तिचा पाय सटकला. ती सासूबाईंच्या अगदी पुढ्यात होती. त्यांचा हात पुढे झाला. विनीताने तो स्पष्ट बघितला. आकूच्या दंडापासून वीतभर अंतरावर तो हात थांबला, आणि त्या ओरडल्या, "विनीता, धर गो तिका."

आकू गुडघ्यावर पडली. कातडं सोलवटून रक्त आलं. पावसात तिघीही तशाच उभ्या राहिल्या, आणि एक अख्खी चटई सोलं भिजून गेली.

दुसऱ्या दिवशी विनीता वळणावर जाऊन नुरुद्दीनचाचाची वाट बघत थांबली. सासूबाई अजून पाव घेतात का, असं तिने विचारलं. विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नाय गो बाय," चाचा म्हणाला. "पंधरा दिवस झाले. आणि आधीपण एकच घेय. ह्या रस्त्याच्या मोरीवर उभी रवान खाय. मगे खालच्या व्हाळात उतरान हात धुय, चूळ भरी, पदर झाडी, आणि मगेच घराकडे जाय. मी मस्करी करी, काय गो सुगंधा, चोरीचो माल आसा की काय."

पदर झाडायच्या. एक दिवस नीट झाडला गेला नव्हता, इतकंच.

घरी येऊन विनीताने चूल पेटवली. आकूसाठी रोज कोकमाचं सार असे, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं. मिसळणाच्या डब्यातला हिंग संपला होता. जितेंद्रने कसालच्या बाजारातून नवी डबी आणली होती, ती तिने फळीवरून काढली. वर्षभर हेच चाललं होतं. डबी आणायची, डब्यात ओतायची, डबी फेकून द्यायची. झाकण उघडणार इतक्यात आकू पाट ओढून समोर येऊन बसली.

"आई, वाच."

"हिंग आसा गो. तेच्यात काय वाचूचा?"

"ह्यां तू कधीच वाचूक नाय."

तवा तापला होता. पोरीची समजूत काढायची म्हणून विनीताने डबी उजेडात धरली. मुंगीएवढी अक्षरं. ती नेहमीच्या चालीवर वाचू लागली.

"खायचा डिंक. गव्हाचं..."

ती थांबली. आकू पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली.

"गव्हाचा काय?"

तव्यातलं तेल धुरकटलं. विनीताने तवा खाली उतरवला. वर्षाचे दिवस किती, दिवसाच्या चिमट्या किती, असा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप होऊ लागला आणि तो थांबवता येईना. मुरडा आला की जास्त हिंग. जास्त हिंग दिला की जास्त मुरडा. तो आपल्याच बोटांनी, पोरीचं नाक धरून, गोड बोलून पाजलेला.

डबी तिने मागच्या परसात नेऊन राखेच्या ढिगात पुरली. मिसळणाचा डबा तीनदा घासला. सासूबाईंनी दोणीवरून विचारलं, आज डबो कित्याक घासतंस गो? मुंग्या झाल्या होत्या, असं विनीताने सांगितलं.

सांगायचं आहेच, पण आधी खात्री होऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं. हिंगाने झालं की आणखी कशाने, कोणास ठाऊक.

आठव्या दिवशी आकूने पेज मागून घेतली. दहाव्या दिवशी मुरडा आला नाही. पोट बसू लागलं, तसा तिचा परकर कमरेवरून घसरायला लागला आणि नाडी आवळावी लागली. खात्री झाली होती. विनीता रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. सासूबाई पुटं देत असायच्या, किंवा बायका असायच्या, किंवा मळभ आलेलं असायचं.

एका संध्याकाळी जितेंद्र पडवीत बसला होता. आकू खळ्यात कुत्र्यामागे धावत होती, धापही न टाकता. तो बघत राहिला, आणि मग सहज बोलावं तसं म्हणाला, "आयेन हात आवरल्यान आणि पोरगी उभी रवली. बघ."

सासूबाई उंबऱ्याशी सोलं निवडत होत्या. बुरशी धरलेली एकीकडे, बरी दुसरीकडे.

"व्हय रे," त्या म्हणाल्या. "माज्याच हाताचा होता. नखात ऱ्हवत असात पाव. धुतलंय म्हणान काय जाता? येवडा वरीस पोराच्या पोटात मीच घातलंय."

विनीता आत चुलीपाशी होती. तिच्या हातात डाव होता. तिला फक्त चार पावलं चालत बाहेर यायचं होतं. ती भात ढवळत राहिली. भाताला ढवळायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सासूबाई आंघोळ करून ओलेत्याने माडांच्या आगराच्या कोपऱ्यातल्या राखणदारापाशी गेल्या. काटेरी झुडपाखाली एक काळा पाषाण, त्यापुढे त्यांनी नारळ ठेवला. विनीता विहिरीवर होती. म्हातारीचं गाऱ्हाणं तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. माझ्या हातून पोरीचे हाल झाले, त्याची काय शिक्षा असेल ती माझ्या अंगावर घाल, तिच्या वाटेला जाऊ नको. म्हातारीने हे तीनदा म्हटलं, आणि दर वेळी स्वतःच "व्हय महाराजा" म्हणाली, कारण म्हणायला दुसरं कोणी नव्हतं.

विनीताने कळशी भरली, आणि विहिरीकडे पाठ करून घरी आली.

सोलं संपत आली. शेवटच्या पुटाची तेवढी राहिली होती, त्या दिवशी ऊनही बरं पडलं. आकू कुठल्याशा खडूने चिऱ्यांवर रेघा ओढत होती. दोघी समोरासमोर बसून बरणीत सोलं भरत होत्या, सोलांचा थर, मिठाचा हात, पुन्हा थर.

"आये," विनीता म्हणाली. "ता तुमच्या हाताचा नव्हता."

सासूबाई बरणीत मूठ दाबत राहिल्या.

"बाजारच्या हिंगात गव्हाचा पीठ घालतत. डबीवर लिवलेला आसा. मी वाचूक नाय. सकाळ-संध्याकाळ मीच देय होतंय. वरीसभर."

मिठाचे खडे बोटांना चिकटले होते, ते म्हातारीने एकेक करून बरणीत झाडले.

"हिंगात," ती म्हणाली.

"व्हय."

"तुका कधी कळला?"

हा प्रश्न येईल असं विनीताला वाटलं नव्हतं. रडणं, शिव्या, जितेंद्रला हाक, या सगळ्याची तिने तयारी केली होती.

"बावीस दिस झाले."

सासूबाई खाली बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. विनीताला कळलं की त्या मागे मागे मोजतायत.

"म्हणजे मी नारळ ठेवलंय, तेव्हा तुका ठावक होता."

"होता."

म्हातारीने बरणीचं तोंड पुसलं, फडका लावला, दोरी गुंडाळली. गाठ मारताना बोटं चिरांमुळे वळत नव्हती. विनीताने हात पुढे केला, पण तिने गाठ स्वतःच मारली.

"चटयो आत घे," ती म्हणाली. "मळब येता."

संध्याकाळी जितेंद्र आल्यावर विनीताने त्याला उंबऱ्यातच सगळं सांगितलं, आईच्या देखत. तो एकदा बायकोकडे आणि एकदा आईकडे बघत राहिला, आणि टोपी हातात घेऊन तसाच मागे फिरून बेड्यापर्यंत गेला. बराच वेळ तिथेच उभा होता.

विनीताने आकूची ताटली वाढली. मऊ भात, वर सार, बिनहिंगाचं. आणि ती तिने सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"आज आजी भरवतली," ती आकूला म्हणाली.

आकू पाट ओढून आजीसमोर बसली. लगेच तोंड उघडून बसली, चिमणीच्या पिलासारखी. सासूबाई ताटलीकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बाहेर गेल्या.

दोणीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. साबणाची वडी दगडावर ठेवल्याचा आवाज. पुन्हा पाणी. विनीता दाराशी गेली. म्हातारी पाठमोरी होती, खांदे पुढेमागे हलत होते, नखं दुसऱ्या हाताच्या नखांनी खरवडली जात होती. आता पुरे, असं म्हणावं असं विनीताला वाटलं. तोंड उघडलं, पण याच दोणीवर आपण 'परत एकदा' म्हणालो होतो ते तिला आठवलं, आणि तिने तोंड मिटलं. पुन्हा एकदा साबण. पुन्हा पाणी.

"आजी, ये ना गो," आकू आतून म्हणाली. "भात आसा. वाचूक नको."

सासूबाई आत आल्या. पण ताटलीकडे गेल्या नाहीत. विनीतासमोर येऊन थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग नखं. चिरा पांढऱ्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या तळाशी रातांब्याचा लाल रंग तसाच होता.

विनीताने मान खाली घातली. हात समोर तसेच धरलेले होते.